अक्कलदाढ दुसऱ्यांदा सुजली तर गोळीवर भागवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा तोंडावर आला आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या आता निघू लागतील. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. याच दिवसांत लातूरला शिकवणीसाठी आलेली सतरा-अठरा वर्षांची मुले नीटच्या अभ्यासात गुंतलेली असतात. कोयत्यावर निघालेली तरुण जोडपी आणि खोल्या करून राहिलेले हे विद्यार्थी यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे वय. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वर्षांत येते आणि दुखायची असेल तर बहुधा याच काळात दुखू लागते. एकदा फडावर किंवा परीक्षेच्या आठवड्यात ती सुजली की नीट उपचार मिळणे अवघड होते. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

आपल्याकडे अक्कलदाढेबाबत दोन उलट चुका एकाच वेळी चालू आहेत. शहरात एक्स-रेमध्ये दाढ आडवी दिसली, की काही त्रास नसतानाही ती काढून घेण्याचा सल्ला मिळतो. गावाकडे हिरडी चार-चार वेळा सुजते, तोंड उघडत नाही, तरी माणूस गोळ्या-इंजेक्शनवर वर्ष काढतो. पहिल्या चुकीत पैसा जातो आणि क्वचित ओठाची संवेदना जाते. दुसऱ्या चुकीत क्वचित जीव जातो. त्यामुळे दाढ कधी काढावी, कधी राहू द्यावी आणि काढताना काय काय होते, हे लोकांना नेमके माहीत असले पाहिजे.

खालच्या जबड्यात दुसरी दाढ आणि जबड्याचा कानाकडे वर वळणारा भाग यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढीच अक्कलदाढेच्या वाट्याला येते. जागा कमी पडली की ती पुढच्या दाढेवर झुकते, आडवी पडते, मागे कलते किंवा उभीच राहून अर्धवट बाहेर येते. हाडात पूर्ण गाडलेली दाढ सहसा शांत असते. त्रास देते ती अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली. तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्या पदराखाली भाकरीचा कण, पालेभाजीचा धागा, सुपारीचा चुरा जाऊन बसतो आणि ब्रश तिथे पोहोचत नाही. हवा न लागणाऱ्या त्या कोपऱ्यात जंतू वाढतात, पदर सुजतो. सुजलेला पदर वरच्या दाढेखाली येतो, प्रत्येक घासाला चावला जातो आणि आणखी सुजतो. चघळण्याचे स्नायू तिथून जवळच असल्याने ते आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. गिळताना दुखते, दुखणे कानापर्यंत जाते, म्हणून कित्येक जण आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात.

या दुखण्यावरचा मुख्य उपचार म्हणजे पदराखालची घाण धुऊन काढणे. बोथट सुईची सिरिंज पदराखाली अलगद सरकवून कोमट सलाईन किंवा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सोडले की अडकलेले अन्न आणि पू बाहेर येतो. काम काही मिनिटांचे असते आणि आराम लवकर पडतो. वरची दाढ पदराला टोचत असेल तर तिचे टोक घासून बोथट करतात. ती चावायच्या कामाचीच नसेल तर सरळ काढून टाकतात. घरी एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, पाणी दुखऱ्या बाजूला अर्धा-एक मिनिट धरायचे. लहान डोक्याच्या मऊ ब्रशने ती जागा घासायची, दुखले तरी सोडून द्यायची नाही.

अँटिबायोटिक प्रत्येक सुजेला लागत नाही. ताप असेल, जबड्याखाली गाठ आली असेल, सूज गालावर उतरली असेल किंवा तोंड उघडणे कमी झाले असेल, तर ते लागते. बहुधा मेट्रोनिडॅझोल ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस दिले जाते. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यावे. ते चालू असताना आणि संपल्यावर दोन दिवस दारू वर्ज्य. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर तसे आधी सांगावे, कारण या औषधाने वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

गोळीने सूज उतरते आणि दाढ बरी झाली असे वाटते. पण पदर जिथल्या तिथे असतो, दाढ जिथल्या तिथे असते, अन्न अडकायची खाचही तशीच राहते. दोन-चार महिन्यांनी तेच पुन्हा होते. म्हणून साधा नेम असा ठेवावा : पहिल्यांदा सूज आली तर धुऊन घ्या, काळजी घ्या, दाढ राहू द्या. दुसऱ्यांदा आली तर सूज उतरताच एक्स-रे काढून दाढ काढण्याची तारीख ठरवा. पहिलीच सूज मानेपर्यंत उतरली किंवा रुग्णालयात भरती व्हावे लागले, तर दुसरीची वाट पाहायची नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००० सालापासून असाच नियम धरला आहे : ज्या दाढेला रोग नाही ती केवळ आडवी आहे म्हणून काढायची नाही. किडलेली आणि भरता न येणारी दाढ, मुळाशी पू, वारंवार सुजणारा पदर, दाढेभोवती वाढणारी पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट, शेजारच्या दाढेचे मूळ झिजणे, हाडात पसरलेला जंतुसंसर्ग, किंवा जबड्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आड येणारी दाढ, ही काढण्याची कारणे मानली जातात. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन द्यायचे असेल तर खराब दाढा त्याआधीच, जखम भरायला निदान दोन आठवडे मिळतील अशा बेताने, काढाव्या लागतात. रेडिएशन झालेल्या हाडातून नंतर दाढ काढली तर ते हाड सडण्याचा धोका असतो.

या नियमाची एक बाजू मात्र नंतर उघडी पडली. पुढे झुकून दुसऱ्या दाढेला मागून टेकलेली, अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ स्वतः वर्षानुवर्षे दुखत नाही, पण त्या दोघींच्या फटीत दुसऱ्या दाढेच्या मागच्या अंगाला कीड लागते. ती आरशात दिसत नाही, ब्रशला लागत नाही आणि कळते तेव्हा बऱ्याचदा नसेपर्यंत पोहोचलेली असते. मग चावायची खरी उपयोगाची, आयुष्यभर पुरणारी दुसरी दाढच रूट कॅनालला जाते किंवा काढावी लागते. त्यामुळे अशी झुकलेली आणि टेकलेली दाढ असेल तर दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वर्ष-दोन वर्षांनी एक्स-रे काढून ती फट पाहावी आणि किडीची पहिली सावली दिसताच अक्कलदाढ काढावी. आमच्या मते ब्रिटनचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावताना ही दुरुस्ती करायलाच हवी, कारण आपल्याकडे दर सहा महिन्यांनी दात दाखवायची सवय कुणाला नाही.

जी कारणे ऐकून काढू नये, तीही सांगतो. अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, याला आधार नाही. ज्यांना अक्कलदाढा मुळातच आलेल्या नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीने बसतात. ‘पुढे कधीतरी त्रास देईल’ एवढेच कारण पुरेसे नाही. वय वाढले की हाड घट्ट होते, जखम भरायला वेळ लागतो आणि विशी-पंचविशीत दाढ काढणे चाळिशीपेक्षा सोपे जाते, हे खरे आहे. पण ते काढायचे ठरल्यावर उशीर न करण्याचे कारण आहे. हाडात खोल, पूर्ण झाकलेली, भोवती काळी सावली नसलेली दाढ राहू द्यावी.

आता मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तोंड उघडत नाही म्हणजे अक्कलदाढच, असे समजू नका. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती तीन बोटे जायला हवीत, म्हणजे साधारण ३५ ते ४५ मि.मी. अक्कलदाढेच्या सुजेने तोंड दोन-चार दिवसांत मिटते, एका बाजूला ठणका असतो आणि सूज उतरली की पुन्हा उघडते. सुपारीने मिटणारे तोंड वेगळे असते. ते महिनोन्‌महिने, न दुखता, इंचाइंचाने मिटत जाते. तिखट लागताच तोंडाची आग होते, गालाची आतली बाजू पांढरट आणि चामड्यासारखी ताठ लागते, बोट फिरवले तर आत दोऱ्या जाणवतात. मावा, खर्रा, गुटखा, सुगंधी सुपारी यांतल्या सुपारीमुळे गालात तंतू साचून हा रोग होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखूच्या जोडपुड्या टपरीवर मिळतातच.

अशा माणसाची अक्कलदाढ काढल्याने तोंड उघडत नाही. पण ताठ झालेला गाल अक्कलदाढेच्या टोकावर सतत घासून तिथे जखम होत असेल, तर ती दाढ काढणे त्याच्या उपचाराचा भाग असतो. या दोन गोष्टी एक नाहीत. तोंड दोन बोटांवर आले, की दाढ काढणेही दुप्पट अवघड होते, कारण हत्यार आत नेऊन फिरवायला जागाच उरत नाही. तेव्हा सुपारी आजच थांबवावी आणि तोंड मिटण्याआधी दाखवावे.

तंबाखूचा विडा जिथे धरतात तो खालच्या गालाचा खळगा आणि अक्कलदाढेच्या मागचा कोपरा, या दोन्ही जागा कर्करोगाच्या नेहमीच्या आहेत. तिथे दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिच्या कडा हाताला कडक लागणे, पांढरा किंवा लाल चट्टा, हिरडीचा त्रास नसताना एकच दाढ हलायला लागणे, शस्त्रक्रिया झालेली नसताना खालचा ओठ बधिर होणे, मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर दाढ उपटायची नाही. आधी तिथल्या मांसाचा लहान तुकडा तपासायला पाठवायचा. दाढ काढल्यानंतर महिना झाला तरी खड्डा भरत नसेल आणि त्यातून मांस वर येत असेल, तरीही तेच करायचे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. अशा रुग्णाने दोन-तीन दवाखाने फिरण्यात महिना घालवू नये. मशेरी लावणाऱ्या बायकांनाही हे सारे लागू आहे, आणि त्या सहसा सर्वांत शेवटी दाखवतात.

धोक्याची सूज कशी ओळखायची? सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरून हनुवटीखालचा भाग लाकडासारखा घट्ट लागतो. जीभ वर उचलल्यासारखी होते. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो, आडवे झाले की श्वास अडकतो. अशा वेळी एक तासही थांबायचे नाही आणि लहान दंत दवाखान्यात जायचे नाही. जिथे श्वासनलिकेत नळी घालण्याची आणि भूलतज्ज्ञाची सोय आहे तिथेच जायचे : छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर, अंबाजोगाईची वैद्यकीय महाविद्यालये किंवा जवळचे सुसज्ज जिल्हा रुग्णालय. रुग्णाला बसवून न्यावे, आडवे करू नये. त्याला मधुमेह असेल तर ते पोहोचताच सांगावे, कारण अशा रुग्णात सूज फार वेगाने पसरते.

इथपर्यंत वेळ येण्यामागे दोन सवयी वारंवार दिसतात. एक म्हणजे गालावर बाहेरून गरम शेक. आत पू असताना बाहेरून शेकले तर सूज वाढते आणि पू त्वचेकडे वाट काढण्याची भीती असते. ऊब द्यायची ती आतून, मिठाच्या कोमट पाण्याने. दुसरी सवय म्हणजे ‘सूज उतरायचे’ इंजेक्शन. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. शस्त्रक्रियेच्या वेळी नंतरची सूज कमी राहावी म्हणून डॉक्टर त्याचा एखादा डोस देतात, ते योग्य आहे. पण पू बाहेर काढलेला नसताना, अँटिबायोटिक नसताना, नुसते तेच घेतले की दुखणे झाकले जाते आणि आतला संसर्ग पसरत राहतो. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू-चुना दाबून ठेवल्याने हिरडी भाजते, दाढ जशीच्या तशी राहते.

दाढ काढायचे ठरले की आधी ओपीजी एक्स-रे लागतो, ज्यात दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दिसतात. त्यात दाढेचा कल, मुळांचा आकार, हाडाची खोली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुळांखालून जाणारी नस पाहायची असते. ही नस खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहते. नसेच्या नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, मूळ तिथे काळपट दिसले किंवा नळी वाकलेली दिसली, तर मूळ नसेला चिकटून असण्याची शक्यता असते. अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेणे योग्य. प्रत्येकाला तो लागत नाही.

नसेला खरोखर धोका असेल आणि दाढ किडलेली किंवा हलणारी नसेल, तर दाढेचे फक्त डोके कापून काढून मुळे हाडाच्या पातळीखाली तीन-चार मि.मी. तशीच ठेवण्याची पद्धत आहे. तिला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ठेवलेली मुळे काही वेळा पुढे वर सरकतात आणि क्वचित नंतर काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून दूर गेलेली असतात. हा पर्याय आहे का, असे रुग्णाने स्वतःहून विचारावे. नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर ओठ किंवा जिभेच्या कडेला काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. कायमचा बधिरपणा शंभरात एकाहून कमी जणांना येतो. पण तो येऊ शकतो, हे सही घेण्याआधी सांगितले गेलेच पाहिजे. या नसेने फक्त संवेदना जाते, तोंड वाकडे होत नाही. आणि वरची दाढ काढल्याने नजर जाते ही भीती पूर्ण निराधार आहे : दातांची नस आणि डोळ्याची नस या मुळातच वेगळ्या आहेत.

भूल बहुतेक वेळा जागेवरच दिली जाते. २ टक्के लिग्नोकेन ॲड्रेनलिनसह वापरतात. ५० किलोच्या माणसाला त्याची कमाल मात्रा ३५० मि.ग्रॅ., म्हणजे साडेसतरा मि.ली.; एका दाढेला त्यातले तीन-चार मि.ली. सहसा पुरतात. ओठाचा तो अर्धा भाग पूर्ण जड झाल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका. दाब जाणवतो, खडखड ऐकू येते, पण टोचले तर लगेच हात वर करा. सूज ऐन भरात असताना भूल चढत नाही, कारण पू झालेल्या भागातल्या आम्लामुळे औषधाचा जोर कमी पडतो. शिवाय तोंड पुरेसे उघडत नसेल तर सुई योग्य जागी पोहोचत नाही. म्हणूनच डॉक्टर आधी पू काढून सूज उतरवतात. तो टाळाटाळीचा प्रकार नाही.

पुढे हिरडीला चीर देऊन ती हाडावरून उचलतात, दाढेभोवतीचे हाड थोडेसे कोरतात, दाढ आडवी असेल तर तिचे डोके आणि मुळे वेगळी कापून तुकड्यांनी काढतात. तुकडे केल्याने हाड कमी कोरावे लागते, म्हणून ‘दाढ मोडली’ असे ऐकू आले तर घाबरायचे कारण नाही. हाड कोरताना निर्जंतुक सलाईनची धार सतत हवी, नाहीतर हाड तापून मरते आणि जखम भरत नाही. यासाठी शस्त्रक्रियेचे सरळ हँडपीस असते. दात भरायला वापरतात त्या एअररोटरची हवा उघड्या हिरडीखाली शिरली तर गाल आणि मान फुगते, दाबले की कुरकुर लागते. म्हणून त्या यंत्राने हाड कोरू नये. शेवटी खड्डा धुऊन टाके घालतात. अवघड दाढ, नसेजवळचे मूळ किंवा कमी उघडणारे तोंड असेल तर मुखशल्यचिकित्सेचे एमडीएस तज्ज्ञच गाठावेत. रस्त्याकडेला बसून दात काढणाऱ्याकडे कधीही जाऊ नये.

जाण्याआधी चालू असलेली सगळी औषधे, नुसती नावे नव्हे तर पाकिटेच, सोबत न्यावीत. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, तपासून घ्यावा. हृदयाची झडप बदललेली असेल तर एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. हाडे ठिसूळ झाल्याचे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगावे. मधुमेह असलेल्याने उपाशी न जाता सकाळी खाऊन, औषध घेऊन जावे. गरोदरपणात निकड नसेल तर थांबावे, आणि निकड असेल तर मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

दाढ काढल्यावर कापडाचा बोळा ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरायचा. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणे नाही, स्ट्रॉने पिणे नाही, जखमेला जीभ किंवा बोट लावणे नाही. थुंकीत गुलाबी छटा दिवसभर दिसते. लाल रक्त साचत असेल तर नवा बोळा आणखी अर्धा तास चावावा, त्यानेही थांबले नाही तर लगेच दवाखान्यात यावे. पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटे धरावा, तेवढाच वेळ सोडावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे माहीत नसल्याने लोक उगाच घाबरतात. आठवड्याभरात तोंड हळूहळू उघडते. २४ तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याने जेवणानंतर चुळा भराव्यात. दुखण्यासाठी पॅरासिटामोल आणि आयब्युप्रोफेन एकत्र घेतले तर दोन्हींपैकी एकट्या गोळीपेक्षा चांगला आराम पडतो. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर किंवा दमा असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि कधीही उपाशीपोटी घेऊ नये. ज्वारीची आंबील गार करून, मऊ वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, ताक हे चालते. शेंगदाण्याची चटणी, तीळ, चिवडा, ठेचा आठवडाभर नको, कारण बारीक कण खड्ड्यात अडकतात.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, कमी होत आलेले दुखणे एकाएकी वाढले, कानापर्यंत ठणका जाऊ लागला, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि खड्ड्यात रक्ताच्या गाठीऐवजी उघडे हाड दिसू लागले, तर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाढेपेक्षा खालच्या अक्कलदाढेनंतर हे बरेच जास्त होते आणि विडी, सिगारेट, तंबाखूने त्यात भर पडते. अँटिबायोटिकने ते बरे होत नाही. दवाखान्यात सलाईनने धुऊन औषधाची पट्टी भरली की काही तासांत आराम पडतो; ती दोन-तीन दिवसांनी बदलावी लागू शकते. दाढ काढल्यावर निदान पहिले तीन-चार दिवस, शक्य तर आठवडाभर, तंबाखू-विडी पूर्ण बंद ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. आठवडाभर सुटली तर ती कायमची सोडावी, हे आमचे कळकळीचे सांगणे.

उसाच्या फडाकडे निघणाऱ्यांना, आणि त्यांना उचल देणाऱ्या मुकादमांना, एक हिशेब सांगतो. दाढ काढल्यावर मोळी डोक्यावर उचलण्याइतके बळ यायला आठवडा तरी धरावा. रेशमी टाके सातव्या दिवशी काढावे लागतात. विरघळणारा धागा घातला तर तीही अडचण राहत नाही, म्हणून तोच मागून घ्यावा. ड्राय सॉकेटची वेळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाची. म्हणजे ट्रॅक्टर निघण्याच्या निदान दहा दिवस आधी दाढ निघालेली हवी. निघण्याच्या आदल्या दिवशी ती काढून घेणे हे न काढण्यापेक्षाही वाईट. तेवढे दिवस नसतील तर दाढ धुऊन घ्यावी, मीठ, ब्रश आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि सुजेचा विषय पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्य केंद्रात न्यावा. नीटच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू होते : ज्यांची दाढ एकदा सुजली आहे आणि दुसऱ्यांदा सुजली, त्यांनी ती दिवाळीच्या सुट्टीत काढून घ्यावी, मे महिन्यापर्यंत ढकलू नये.

आरोग्य विभागाला आमची विनंती एवढीच आहे. टोळ्या निघण्याआधी होणाऱ्या आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि वजनाबरोबर प्रत्येकाचे तोंड तीन बोटांनी मोजावे आणि बॅटरीच्या उजेडात अक्कलदाढेमागचा कोपरा पाहावा. त्याला एका माणसामागे अर्धा मिनिट लागतो आणि कुठलेही यंत्र लागत नाही. ज्यांच्या तोंडात दोनच बोटे जातात किंवा दोन आठवडे न भरलेली जखम आहे, त्यांची यादी उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकांकडे त्याच दिवशी पोहोचावी.

आपले नम्र,
मुखशल्यचिकित्सा विषयात काम करणारे काही दंतवैद्य
छत्रपती संभाजीनगर